बाबलीचं गाऱ्हाणं

बाबलीने नारळ दोन्ही हातांत धरला आणि त्याने तोंड उघडण्याआधीच मंडपात खसखस पिकली.

अजून देवाचं नावही घेतलं नव्हतं. पण गावात, तोंडवलीत, शूटिंग झालेल्या एका विनोदी सिनेमात त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, पुढाऱ्याच्या बुडाखालची खुर्ची हलू देऊ नको म्हणून. निवडणूक लागली आणि प्रत्येक पक्षाने तो तुकडा विरोधकाचा फोटो चिकटवून फिरवला. बापजाद्यांपासून गावासाठी देवापुढे उभं राहणारं घराणं, आणि त्यातला हा माणूस फोनमधला विनोदवीर होऊन बसला. सुरुवातीला त्यालाही बरं वाटलं. नाही कशाला म्हणा!

आज प्रचाराचा नारळ होता. उमेदवार बाबूशेठ हात जोडून शेजारीच उभे होते. यांनीच शब्द दिलेला खारबंधारा कधी झाला नाही, आणि जुना फुटून खाडीचं पाणी बाबलीच्या भातशेतात शिरलं. कचेरीत खेटे घालून तो थकला होता. पण गाऱ्हाणं मध्येच कोणी तोडत नाही, आणि दर वाक्याला सगळ्यांना हुंकार द्यावाच लागतो, बाबूशेठनाही. म्हणून तर तो आला होता. निघताना बायको, सावित्री, म्हणाली होती,

"आज बोललात नाय, तर परत शेताचा नाव काढू नकात."

बाबलीने नारळ कपाळाला लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो बाबूशेठ मतां मागूक तुझ्या पायाकडे इलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येणा बंधाऱ्याचो शब्द दिल्यान. बंधारो फुटलो, आमची शेतां खारी झाली, आणि ह्यो तोंड दाखवूक इलो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

मंडप हसून लोटपोट झाला. फोन वर झाले. सगळ्यांत मोठा हुंकार बाबूशेठचा होता. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नारळ फुटल्यावर त्यांनी बाबलीच्या खांद्यावर हात टाकला.

"उद्या आचऱ्याक सभा आसा. गाडी धाडतंय. असोच बोल. बंधारो तर सोडूच नको, लोकांका आवडता."

बाबलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तो साध्या आवाजात, अगदी हळू म्हणाला,

"शेठ, बंधारो कधी बांधतलात?"

बाबूशेठनी टाळीसाठी हात पुढे केला.

"ह्या वाक्य शेवटाक घाल," ते म्हणाले.