बार्तेलेमीचं एक वाक्य

पॅरिसच्या सिनेमावाल्यांना खरा कोळी हवा होता. मार्सेयजवळच्या आमच्या लेस्ताक बंदराच्या धक्क्यावर माझा नवरा बार्तेलेमी जाळं सांधत बसला होता, त्यालाच त्यांनी धरलं. एकच वाक्य बोलायचं होतं: "या वाऱ्यात होडी निघायची नाही, साहेब. उद्या या."

कागद घरी आला. त्याला अक्षरओळख नव्हती. मी पन्नाशीत पाद्रीबाबांच्या वर्गात वाचायला शिकले होते, म्हणून मास्तरीण मीच झाले.

"निघायची नाहीऽऽ," आमच्या मार्सेयच्या हेलात त्यानं शेपूट लांबवलं.

"असं नको. पॅरिसची माणसं ऐकणार. रेडिओवर बातम्या सांगतात तसं बोल."

"अगं फिलोमेन, मी होडीवाला आहे की मंत्री?"

"हसतील तुला. माझीही लाज जाईल."

आठ दिवस मी त्याचं ते वाक्य घासलं, करपलेलं भांडं घासतात तसं. कॅमेऱ्यासमोर तो अगदी बातम्यांसारखं बोलला. दिग्दर्शक नुसतं "ठीक" म्हणाला. मी मात्र दिवसभर ताठ मानेनं हिंडले.

त्या हिवाळ्यात बार्तेलेमी छातीच्या दुखण्यानं गेला. मागे दोन फोटो राहिले. आवाज उरला तो त्या सिनेमातच, एका वाक्यापुरता. मी त्याचीच वाट पाहत राहिले.

मे महिन्यात सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला शेजारीण रोझीनला घेऊन मी तिसऱ्या रांगेत बसले. पडद्यावर बार्तेलेमी जाळं बाजूला सारून उठला. ओठ हलले. आवाज दुसऱ्याचाच होता! जाडाभरडा, हेल ओढून ओढून काढलेला, जत्रेतल्या सोंगाड्यासारखा. लोक हसले.

"अगं बाई," रोझीन पुटपुटली, "हा आपला बार्तेलेमी नव्हे."

खेळ संपल्यावर दारात दिग्दर्शकाचा मदतनीस पाहुण्यांशी हात मिळवत उभा होता. मी त्याला गाठलं.

"माझ्या नवऱ्याचा आवाज कुठे गेला?"

"काय सांगू बाई, ते वकिलासारखे बोलले. कोळी वाटेचनात. मग पॅरिसच्या एका नटाकडून ते वाक्य इथल्या हेलात म्हणवून घेतलं."

"आणि त्यांनी म्हटलेलं?"

"त्या आवाजाच्या फिती पुसून पुन्हा वापरतो आम्ही." मग हळूच म्हणाला, "नेहमीसारखे बोलले असते, तर तेच ठेवलं असतं."

रोझीन कोट सावरत मागून आली. "काय म्हणाला गं मेला?"

"यंत्र बिघडलं होतं म्हणे."

"या पॅरिसवाल्यांना कशाचीच किंमत नाही!" ती घरापर्यंत त्यांना शिव्या देत राहिली. मी तिला थांबवलं नाही.

आता स्वयंपाकघरात एकटी असले की त्याचा आवाज आठवून पाहते. तो "नाहीऽऽ" म्हणायला लागतो, आणि लगेच माझाच आवाज येतो: असं नको.