दोघांचा होकार

"म्हणजे उपयोग झाला नाही," ती म्हणाली. "एवढंच ना?"

डॉक्टरीणबाईंनी समोरच्या कागदांवरून नजर उचलली. "नाही झाला. औषध दिलेले आणि नुसतं सलाईन दिलेले, दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात लोक दगावले."

"आणि आमच्या ह्यांना काय मिळालं होतं?"

"औषध."

शेजारी बसलेला तिचा दीर ताडकन उठला. "मग प्रयोगच केलात की माझ्या भावावर!"

 तिला होकार दिला तो दिवस आठवला. ती कपडे शिवायची, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या थंडीत फ्लूची साथ आली. साधा ताप म्हणता म्हणता त्याच्या छातीत उतरला आणि त्याला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. तिथल्या दाराशी याच डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "विषाणूशी झुंजताना शरीर स्वतःचीच फुफ्फुसं जाळत सुटतं. क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात शिरेतून दिलं, तर ती आग कमी होते का, ते आम्ही बघतोय."

"संत्र्यात असतं तेच ना?"

"तेच. पण तोंडाने एवढं अंगात जात नाही. उपयोग होईलच असं नाही. आणि कोणाला औषध, कोणाला साधं सलाईन, हे अभ्यास संपेपर्यंत आम्हालाही कळणार नाही."

"म्हणजे चिठ्ठ्या टाकणार."

"तसंच समजा."

"त्यांना विचारते," ती म्हणाली होती.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्याने नवऱ्याला बोलता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये मालक चढायला कचरायचे, तेव्हा हा गडी पहिला आत शिरायचा. त्याने थोडा वेळ छताकडे बघितलं. मग एक बोट पुढे करून हवेतच बटण दाबल्यासारखं केलं. वर. त्याही अवस्थेत तिला हसू आलं होतं.

पुढे त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं. तो परत आला नाही.

"वहिनी, तुम्हाला गोड बोलून गुंडाळलं यांनी," दीर म्हणत होता. "आपण तक्रार करू."

"भावोजी, बसा."

"पण वहिनी..."

"बसा म्हटलं ना. मला कोणी गुंडाळलं नाही. कापड उलटसुलट बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही. खात्री नाही, हे या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ऐकलं आणि दोघांनी हो म्हटलं. तुमचा भाऊ काही मेंढरू नव्हता, आणि मीही नाही."

"लोक म्हणतात, बायकोनेच..."

"लोक वर्षभर म्हणताहेत. त्यांच्या पँटी मीच शिवते."

दीर खाली बसला. 

"मला माफ करा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"माफी कसली मागता? याने भागत नाही, हे तरी कळलं. उद्या कुणी याच बाटल्या रामबाण म्हणून एखादीच्या गळ्यात मारायला आला, तर ती तोंडावर नाही म्हणू शकेल. आता पुढे काय बघणार, ते सांगा."

"दुसरं एक औषध आहे. तेही चालेलच असं नाही."

"मग बघा. आणि समोरच्याला असंच सरळ सांगा."

दोघं तिच्या शिलाईच्या दुकानाकडे निघाली. रस्त्यात दीर म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं."

"माहीत आहे. म्हणून ज्याचा जीव होता त्याला विचारलं."

 दुकान आलं. तिने कुलूप काढलं. शटर जड होतं, एका बाजूला अडकायचं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी नवरा ते उघडून द्यायचा.

"मी करतो," दीर पुढे झाला.

"राहू द्या."

तिने खाली वाकून खांदा लावला. शटर करकरत कमरेइतकं वर आलं आणि अडलं. तिने आणखी जोर लावून पाहिला, पण ते हललं नाही. तेवढ्यातूनच ती वाकून आत शिरली, आणि थोड्या वेळाने आतून शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला.