टाचेतली सळई

आज सकाळी इमारतीखालची सळई फरशीतून वर येऊन माझ्या उजव्या टाचेत शिरली आणि गुडघ्याशी थांबली. दुखलं नाही. संताप मात्र आला, कारण सामान भरलेला टेम्पो दारात उभा होता आणि मला या घरात आणखी एक चहा होईपर्यंतही राहायचं नव्हतं.

वरच्या मजल्यांवर नळाला बसणाऱ्या झटक्यांसाठी बोलावलेला वायरमन नदाफ उकिडवा बसून बघत राहिला.

"सगळ्या बिल्डिंगचं अर्थिंग ह्याच सळईवर हाय, काका. फाउंडेशनच्या काँक्रीटमधनं जमिनीत जातंय. फरशीवाल्यानं आडवी येती म्हणून तिचं टोक कापलं हुतं. आता तुमच्यातनं वाट काढली बघा."

त्याने हिरवी वायर माझ्या गुडघ्याला आवळली. त्यासरशी वरच्या मजल्यांवरचे झटके थांबले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिरगुप्प्यांच्या सुनेने कित्येक दिवसांनी नळाला हात लावला आणि बाळाला अंघोळीला घेतलं. तिच्या बिघडलेल्या गीझरचा करंट माझ्या पोटरीतून खाली जाताना मुंग्या आल्यासारखं वाटत होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी बोंद्रे ओलं बारदान घेऊन आले. ते त्यांनी माझ्या पायाला गुंडाळलं आणि ताज्या काँक्रीटवर मारतात तसं वरून पाणी मारलं. घोटा एव्हाना सिमेंटसारखा करडा झाला होता.

"तराई नीट होऊ द्या," ते म्हणाले. "ओल राहिली की काम चोख."

"किती दिवस?"

"असं कॉलम विचारतो का कधी?"

माझ्या पायाला जन्माची भिंगरी. नोकरीत मी बदल्या मागून घेतल्या आणि माझ्या बायकोने, यमुनाने, प्रत्येक गावात नव्याने चूल मांडली. आता ती टेम्पोत बसली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता आणि माझी बोटं काँक्रीटच्या आत वळवळत होती.

मी टाच जराशी उचलली. वरून येणारा पाण्याचा आवाज थांबला आणि बाळाचाही. मी टाच टेकली. बाळ रडू लागलं. मी आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो.

यमुनाने ते ऐकलं. ती टेम्पोतून उतरली आणि दाराबाहेर चपला काढून उंबऱ्यात उभी राहिली.

"द्या ती वायर इकडं," ती म्हणाली. "मला एका जागी ऱ्हायाला जमतंय. तुम्ही जावा, बसा गाडीत."

"तू नको," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

तिने पाऊल उचललं. ते ओल्या फरशीला टेकायच्या आधीच माझी टाच टेम्पोकडे निघायला वर आली.