दहावा सूचक

भानुदासतात्यांनी तीस वर्षं कळस गावात दुसऱ्यांच्या प्रचाराचे झेंडे वाहिले, पण आमदारकीला त्यांचं नाव कधी कुणी घेतलं नाही. आणि आता धाकट्या भावाची लेक प्रियदर्शनी, कालची पोर, आमदारांच्या विरोधात अपक्ष उभी राहत होती. तात्यांच्या पोटात दुखत होतं ते यामुळं.

इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर तिनं अर्ज त्यांच्यापुढं धरला. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे नाव सुचवणारे मतदार, लागतात. नऊ जणांच्या सह्या झाल्या होत्या.

"मला शेवटाला ठेवलंस व्हय?" तात्या म्हणाले.

"तुमच्याबिगर अर्ज बाद हाय, तात्या. तीनच्या आत द्यायचाय."

तात्यांनी पेन घेतलं आणि पन्नाशीत शिकलेली अक्षरं सावकाश, ठसठशीत काढली. प्रियदर्शनीनं वाकून पाहिलं. सही उमेदवाराच्या जागी झाली होती.

सूचकांतले दत्तोबा हसले. "भानुदासराव, पोटातलं कागदावर आलं की."

तात्यांचे कान तापले. प्रियदर्शनीनं पिशवीतून कोरा अर्ज काढला. "सगळ्यांनी पुन्हा सह्या करा. पयली तात्यांची."

तात्यांनी बोट ठेवून सूचकाची ओळ शोधली, सही केली आणि अर्ज परत दिला. पण 'निवडून ये' म्हणायला त्यांचं तोंड काही उघडेना.