विठाबाईचं नाक असलेला मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. शिमग्यातला नव्हे, दवाखान्यातला. जन्माने मी जाळीदार प्लास्टिक. मुंबईच्या दवाखान्यात, किरणं देताना डोकं हलू नये म्हणून, मला गरम पाण्यात मऊ केलं आणि चिंचणीच्या विठाबाईच्या चेहऱ्यावर ओढून बसवलं. थंड झालो तेव्हा मला तिचं नाक आलं होतं. नाक मोठं आहे. मला अभिमान आहे.

विठाबाईचा छातीचा कॅन्सर मागेच बरा झाला होता, पण त्याचं बी डोक्यात जाऊन रुजलं. तिथे गाठ झाली आणि उजवा हात ऐकेना. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगायचे, हे तिचं काम. आता बोंबील निसटून वाळूत पडू लागले.

मी तयार झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी गाठीवर किरणं देऊ, मग ऑपरेशन."

विठाबाई ताडकन उठली. "आधी सुकवायचं न् मग कापायचं? मुशी तरी अशी सुकवतात काय? आधी चिरायची, धुवायची, मग ऊन! मी चालले घरी."

मी घाबरलो. ती गेली तर मी म्हणजे नाक असलेली चाळण.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आधी कापलं तर जखम भरेपर्यंत किरणं थांबवावी लागतात. तेवढ्यात उरलेलं पुन्हा वाढू शकतं. सगळ्यांना असं करत नाही, पण तुमच्या गाठीला हेच बरं."

विठाबाई दारात पोचली होती. तिचा मुलगा सुदाम म्हणाला, "आये, होडीत मासा आला की पहिलं काय करतेस?"

"बर्फ टाकते."

"कापायच्या आधीच?"

"मग काय, नासू देऊ?"

ती थांबली. परत येऊन बसली. "मेल्या, हे मघाशी नाय बोलायचं?"

किरणांच्या वेळी मी तिला टेबलाला घट्ट धरून ठेवलं. विठाबाई तोंड मिटून पडून राहिली, हे चिंचणीत अजून कोणाला पटत नाही. लगेच ऑपरेशन झालं. हात हळूहळू ताळ्यावर आला.

काम संपल्यावर विठाबाईने मला घरी आणलं; आता मी बोंबलांच्या राखणीला बांबूवर असतो. कावळा येतो, तिचा चेहरा बघतो आणि निघून जातो. मांजर तर वाकून जाते.

मध्यंतरी तपासणीची तारीख आली, तर ही म्हणे, "हंगाम संपू दे." सुदामने मला स्वतःच्या तोंडावर चढवलं आणि दारात उभा राहिला. "माझ्याच तोंडानं मला दम देतोस?" म्हणत ती गाडीत बसली. डोकं साफ निघालं.

तेव्हा मित्रांनो, तपासणी चुकवू नका. प्रत्येकाकडे माझ्यासारखा मुखवटा नसतो.

रोज सकाळी विठाबाई मला उजव्या हाताने टांगते. हात थरथरत नाही. मी थोडा हलतो, पण तो वारा आहे.