एका मेणबत्तीचा वाढदिवस

खजुरातली बी अंगठ्याने बाहेर ढकलत तूबा खानम म्हणाली होती, "नवऱ्याची अफू सुटली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, पोरी. ती भूक मरत नाही, दुसरीकडे तोंड घालते. बहुतेक वेळा बिछान्यात."

व्यसनमुक्तांच्या बायकांची बैठक होती. सगळ्या मान खाली घालून हसल्या. फरंगीसही हसली. म्हातारीचा नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती, तिला काय आठवणार? शिवाय फरंगीस रसायनशास्त्र शिकलेली. शरीरातून काय किती दिवसांत निघून जातं, ते तिला पाठ होतं.

आणि तिचा नवरा माहयार खरोखरच परत आला होता. अफूच्या चार वर्षांत तो तिच्या शेजारी ओंडक्यासारखा पडून असायचा. आता इराणमधल्या केरमानच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर दुरुस्त करता करता तो भर दुपारी शिडी खांद्यावर घेऊन घरी येई. त्याच्या अंगाला कूलरच्या ओल्या गवताचा वास. लहानगी गुलनार झोपलेली, पडदा हलतोय, छतावर पाणी ठिबकतंय. आपण खोल पाण्यात आहोत आणि वरून कुणीतरी मायेने हाक मारतंय, असं फरंगीसला वाटे.

"गालांना काय लावतेस गं हल्ली?" शेजारणीने विचारलं.

"गुलाबपाणी," ती म्हणाली.

मग तो दिवसातून दोनदा तिला जवळ ओढू लागला. मग तीनदा. तिला ताप असताना, गुलनार दार वाजवत असताना. एकदा तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला. त्याचे डोळे तिच्या पलीकडे काहीतरी शोधत होते, घाईघाईने. हे डोळे तिने पूर्वी पाहिले होते, तो अफू ओढायचा त्या निखाऱ्यांच्या शेगडीजवळ. तिने हात काढून घेतले.

त्यानंतर तिने त्याचा फोन पाहिला. त्यात बायका होत्या. त्यांतल्या काहींचे कूलर एकाच उन्हाळ्यात चार-चार वेळा बिघडले होते.

ती बोलली नाही. अफू सोडल्याला त्याला वर्ष होत आलं होतं. व्यसनमुक्तांच्या समूहात या दिवसाला वाढदिवस म्हणतात: केक, एक मेणबत्ती, नातेवाईक, टाळ्या. आत्ता तोंड उघडलं तर तो पुन्हा शेगडीकडे जाईल, ही तिला धास्ती. गप्प राहिलं तर काय होतं, ते ती रोज पाहत होती.

गुरुवारी संध्याकाळी तो केकसमोर उभा राहिला.

"मी माहयार, व्यसनी."

"सलाम, माहयार," सगळे म्हणाले. गुलनार खुर्चीवर चढून फुंकर मारायची तालीम करत होती.

"फुंक की रे, मेण गळतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "भाषणाला नाही, केकला आलोय आम्ही."

हशा पिकला. माहयारही हसला. मग त्याने मेणबत्ती उपटून, जळती तशीच, बशीत आडवी ठेवली.

"अफूला हात लावला नाही," तो म्हणाला. "पण स्वच्छ नाहीये मी. दुसरं एक आहे. इथे कुणी त्याबद्दल बोलत नाही. मला थांबता येत नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. सासूने फरंगीसकडे असं पाहिलं, जणू तिनेच केक जमिनीवर पाडला होता.

तो बाहेर पायरीवर बसला होता. गुलनारला कडेवर घेऊन फरंगीस त्याच्याजवळ उभी राहिली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"केक सांगून ठेवला होता."

त्याला हसू फुटलं आणि मधेच मोडलं. त्याने विचारलं, "घरी येऊ?"

तिने गुलनारला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आज आईकडे झोप. सकाळी ये. डॉक्टरकडे दोघं जाऊ."

माहयार अफू ओढायचा तेव्हा गल्लीतलं घरन् घर चौकशी करून गेलं होतं. या वर्षभरात कुणी फिरकलं नाही. तो सुधारला होता ना. म्हणून फरंगीसचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: तुमच्या ओळखीतलं कुणी नुकतंच सुधारलं असेल, तर उद्या त्याच्याकडे जरा जाऊन या. चहा घ्या, त्याला झोप लागते का विचारा. आणि तो उठून आत गेला की, त्याच्या बायकोलाही विचारा.