मी, तेल लावून समुद्रात उतरलेला सर्फबोर्ड

थांबा पावणं! माझ्या पाठीवर बूड टेकायच्या आधी एवढं तरी विचारा, की हा कोण, कुठला. मी सर्फबोर्ड बोलतोय. लाटेवर उभारून पळायची फळी म्हणा. जन्म गोव्याचा, वळण कोल्हापूरचं.

गोव्यातल्या एका शेडमध्ये मला फोमच्या ठोकळ्यातून कोरलं आणि वर फायबरचं कापड चढवलं. एका हॉटेलवाल्याने पाहुण्यांसाठी मला घेतलं. थोडे दिवस समुद्र बघितला, तेवढ्यात हॉटेलला कुलूप लागलं. जुन्या खुर्च्यांच्या ढिगावर मला आडवं टाकलं आणि तो ढीग कोल्हापूरच्या बाबासोंनी उचलला.

बाबासोंचं जुन्या सामानाचं दुकान. शाळा बेताची, पण गिऱ्हाइकाच्या चपलेवरून त्याचा खिसा ओळखणारा माणूस. मी काय चीज आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण 'ठाऊक न्हाय' म्हणायची दुकानदारीत रीत नाही. लाँड्रीवाला आला की मी इस्त्रीची फळी, केटरिंगवाला आला की भज्यांचं काउंटर. एका शेतकऱ्याने माझ्या पोटाखालचा माशासारखा पर चाचपून विचारलं, "ह्येला बैल कुठं जुपायचं?" बाबासो म्हणाले, "बैलाचं न्हाय, ट्रॅक्टरचं हाय. नवीन मॉडेल."

तरी मी काही खपलो नाही. शेवटी दोन पिंपांवर आडवा ठेवून माझंच टेबल केलं.

मला ओळखलं ते त्यांच्या लेकीने, संघप्रियाने. पोरगी लहानपणापासून पंचगंगेत पोहणारी. कॉलेजच्या शिबिरात कोकणातल्या एका आडबाजूच्या किनाऱ्यावर गेली, लाटेवर उभं राहायला शिकली, मग सुट्टी मिळेल तेव्हा जातच राहिली. तिथं सर्फिंग शिकवणाऱ्या संयोगिताताईंनी शेवटी सांगितलं, "ऑक्टोबरपासून माझ्याकडे शिकवायला ये. पण पावसाळ्याआधी घरचं नक्की सांग, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते."

बाबासो म्हणाले, "समुद्रावर कामाला? मी माझ्या डोळ्यांनी बघणार. तू लाटंवर उभारलीस तर हो, न्हायतर दुकानात बसायचं."

झालं! सहल ठरवायला बैठक बसली, तीही माझ्याच पाठीवर. शेजारचे आकाराम दूधवाले आले. एकेकाळचे पैलवान. आता दुधाचा टेम्पो चालवतात, पण चालतात अजून आखाड्यात उतरल्यासारखे. संघप्रियाचा बेत साधा होता. टेम्पोने जायचं, किनाऱ्याला तंबू ठोकायचा, दोन दिवस राहायचं.

"तंबूत झोपायला आपण काय सर्कशीतलं हाय?" बाबासो म्हणाले. म्हणून खाट आली. खाट आली म्हणून मच्छरदाणी. रस्सा पाहिजेच, म्हणून मोठं पातेलं, आणि पातेल्याच्या मापाची शेगडी. वाट तर रोज बदलायची. सोमवारी गगनबावड्याचा घाट, मंगळवारी फोंड्याचा, बुधवारी आंबोलीचा. बाबासोंची थोरली बहीण सोनूबाई त्याच वाटेवर आजऱ्याला राहतात. त्यांचा फोन आला, "आजऱ्यावरनं जानार आन् मला सोडून जानार व्हय रं?" म्हणजे आक्का पण आल्या.

एप्रिल सरला. बैठक चालूच.

गंमत मला एकट्याला कळत होती. 'समुद्र' शब्द निघाला की बाबासोंची बोटं माझी कड घट्ट धरायची. हा माणूस पंचगंगेच्या पुलावरून जाताना सुद्धा गाडीची काच वर करतो. पाण्याला भितो म्हणून सांगायचं कसं? म्हणून खाट, म्हणून पातेलं, म्हणून घाट.

एक दिवस संघप्रिया चिडली. "पप्पा, तुम्ही सहल ठरवताय का मोडताय?"

बाबासो पातेल्याचं झाकण पुसायला लागले. आकारामच ओरडले, "उद्या निघायचं! टेम्पो माझा हाय, ड्रायव्हर मी हाय. ज्येला यायचं न्हाय त्येनं हितंच बसा!"

त्या संध्याकाळी आकाराम माझ्या तयारीला लागले. माझ्या पाठीवर मेणाचा थर असतो. पाय घसरू नये म्हणून तो मुद्दाम घासतात. संघप्रियाने नुकताच नवा चढवला होता. आकारामांनी बघितलं आणि हळहळले, "काय मळ साचलाय रं पोराच्या अंगावर!" कढत पाणी ओतून, उलथन्याने खरवडून त्यांनी मला नागवं केलं. मग शेंगतेल घेतलं आणि दोन्ही पंजांनी असं चोळलं, की विचारू नका. "पैलवानाला तेल लावल्याबिगर आखाड्यात उतरवायचा न्हाय," असं म्हणत शेवटी पाठीवर थाप मारली. खरं सांगतो, सुख वाटलं. तोंड असतं तर पोरीला सांगितलं असतं.

किनाऱ्याला पोचलो तेव्हा संयोगिताताईंची शाळा हंगाम संपवून बंद झालेली. सामान कुलपात, ताई गावाला. वाळूवर चिटपाखरू नव्हतं. फक्त लाटा आणि आमचं पातेलं.

संघप्रिया मला घेऊन पाण्यात शिरली. लाट चांगली आली. पोरगी उठली आणि सुर्रकन घसरून पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तर मी एकीकडे, ती दुसरीकडे.

किनाऱ्यावरून बाबासो म्हणाले, "बघितलं. चला, आवरा." आवाजात राग नव्हता. सुटका होती, ते मला जास्त लागलं.

संघप्रियाने माझ्यावरून बोट फिरवलं आणि वास घेतला. "आकारामकाका, ह्याला काय लावलंय?"

"शेंगतेल. लाकडी घाण्याचं. भेसळ न्हाय!"

पोरीने कपाळावर हात मारला आणि वाळूत बसली. तिचं मेण घरी राहिलं होतं, कारण बॅगेत पातेल्याचं झाकण कोंबलं होतं. डोळ्यांत पाणी आलं. आकाराम तर शरमेने चितपट झाले.

तिकडं सोनूबाई बुद्धपौर्णिमेच्या वंदनेसाठी मेणबत्त्या मांडत होत्या. त्यांनी हाक मारली, "मेणच पायजे न्हवं? ह्ये घे की." एक मेणबत्ती मागं ठेवली आणि बाकी सगळ्या पोरीच्या ओंजळीत टाकल्या. "वंदनेला एक बास हाय. पडून पडून पोरगी घरी न्ह्यायची व्हय?"

भांडी घासायच्या पावडरीने आकारामांनीच मला घासलं. पापाचं प्रायश्चित्त! वर मेणबत्त्या चोळल्या. अंग पुन्हा खरखरीत झालं.

"आता वल्हवून हात दमल्यात. लाट येईपर्यंत मागनं धरायला कोणतरी पायजे," संघप्रिया म्हणाली. "पाणी कमरेएवढंच हाय."

आकारामांनी लाटेकडं बघितलं. "मातीत कुणाला बी आडवा करीन. ह्यात न्हाय."

सगळे बाबासोंकडं बघायला लागले. बाबासोंनी पँट दुमडली, चष्मा आक्कांच्या हातात दिला, पुन्हा घेतला. एक पाऊल टाकलं, 'आयायाय' म्हणाले, दुसरं टाकलं. कमरेएवढ्या पाण्यात येऊन त्यांनी माझं शेपूट धरलं. बैठकीत कड धरायचे तसंच, घट्ट.

"पप्पा, ढकला!"

त्यांनी ढकललं. पोरगी उठली, गुडघे वाकवले, हात पसरले आणि थेट वाळूपर्यंत मला पळवत नेलं. आकाराम शिट्ट्या मारायला लागले.

पाण्यातून बाबासोंचा आवाज आला, "उभारली का?"

"आरं, डोळं उघड की बाबासो!" सोनूबाई ओरडल्या. "पोरगी काठाला पोचली!"

भीतीने डोळे मिटून बसला होता गडी! म्हणून संघप्रिया मला घेऊन परत आली. या वेळी बाबासोंनी चष्मा पुसला, डोळे फाडले आणि ढकललं. ती उभी राहिली. ते बघत राहिले. एक लाट त्यांच्या छातीवर आपटली, तोंडात खारं पाणी गेलं, तरी नजर हलली नाही.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ताईंस्नी फोन लाव. दुसरी पोरगी बघू नका म्हणावं."

आता मी याच किनाऱ्यावर असतो. संघप्रिया शिकवते, तुमच्यासारखे पावणे माझ्यावर पडतात, पुन्हा उठतात. माझी तक्रार नाही. जोडे घालून मात्र चढू नका.

ऑक्टोबरात बाबासो तिला सोडायला आले, ती गोष्ट सांगतो आणि लाट आली की निघतो. पोरगी खोलीत सामान लावत होती. ते माझ्याजवळ आले, इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "गड्या, पाडायचं तर पाड तिला. शिकल. पर दर बारीला वर आण."